ऑस्टेन आजच्या काळात आणायची तर आधी अडसर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या आजच्या काळात आणून केलेले चित्रपट आणि मालिका मी बऱ्याच पाहिल्या. “क्लूलेस” तीस वर्षांनीही ताजा वाटतो, “आयशा” मात्र पाहतानाच शिळा वाटला. दोन्ही “एमा”वरच बेतलेले, मग असं का? मला “प्राइड अँड प्रेज्युडिस” मराठीत, आजच्या काळात लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?’

मी पटकथा लिहिते आणि त्यात रूपांतरांचं काम बरंच येतं, त्यामुळे उत्तर लांबणार. मुद्दा एकच आहे, तो आधी सांगून टाकते. दोन माणसं एकमेकांना आवडतात, ही गोष्ट कुठल्याही काळात, कोणीही लिहू शकतं. ऑस्टेनचं सगळं कसब त्या दोघांच्या मध्ये जो अडसर आहे त्यात आहे. तिच्या काळी तो कायद्याचा, पैशाचा आणि रीतीभातीचा होता. रूपांतर करणाऱ्याने शोधायचं ते हे, की आज असं कुठलं जग आहे जिथे ‘नाही’ म्हटल्याची किंमत अजून मोजावी लागते. ते जग हाती लागलं की बाकीचे सीन पटापट जागेवर बसतात. नाही लागलं तर नट, कपडे आणि गाणी उरतात.

मूळचा हिशेब नीट पाहू, कारण बहुतेक जण तो वगळूनच कामाला लागतात. ऑस्टेनचा काळ तो रीजन्सीचा, म्हणजे १८११ ते १८२०. तिसरा जॉर्ज राजा आजारपणाने कारभार पाहू शकत नव्हता आणि त्याचा मुलगा त्याच्या वतीने राज्य चालवत होता, तो काळ. ऑस्टेनच्या सहा मोठ्या कादंबऱ्या १८११ ते १८१७ या दरम्यान छापून आल्या, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ मध्ये. त्यातल्या बेनेट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड. खाऊनपिऊन सुखी. पण जमीन घराण्यातल्या पुरुषाकडेच जाणार असं कागदोपत्री बांधून ठेवलेलं, आणि घरात पाच मुली. बाप डोळे मिटेल त्या दिवशी घर कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातेवाइकाचं. आईच्या नावावर ५,००० पौंड, तेच पुढेमागे पाच जणींत वाटायचे. लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची, ही स्थिती इंग्लंडात बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. पडद्यावर मिसेस बेनेटला नेहमी नुसती बडबडी, हास्यास्पद करून टाकतात. ती हास्यास्पद आहेच; पण मिस्टर बेनेट पुस्तकांच्या खोलीत दार लावून बसलेले असताना उद्या पाच पोरी कुठे जातील याचा घोर त्या घरात तिला एकटीलाच आहे. जो लेखक तिची बाजू समजून घेत नाही त्याच्या हातून पुढची कथा निसटते, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा अडसर रीतीचा. साखरपुडा झालेला नसताना तरुण मुलीने पुरुषाला पत्र लिहिणं म्हणजे बोभाटा. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त मरियॅन विलोबीला पत्रं लिहिते म्हटल्यावर घरचे धरूनच चालतात की लग्न ठरलंय. ‘प्राइड’मधला श्रीमंत, गर्विष्ठ डार्सी आपलं लांबलचक पत्र टपालाने पाठवत नाही, बागेत गाठून बेनेटांच्या दुसऱ्या मुलीच्या, एलिझाबेथच्या हातात देतो, ते उगाच नाही. म्हणजे दोघांत गैरसमज झाला तर तो दूर करायची सोयच नव्हती. आज मात्र एक मेसेज टाकला की प्रश्न मिटतो. तुमच्या रूपांतरात पात्रांनी तो मेसेज का टाकू नये, याला सबळ कारण हवं.

आता ‘क्लूलेस’. दिग्दर्शक एमी हेकरलिंगने १९९५ मध्ये एमाचं, म्हणजे इतरांची लग्नं जुळवायची हौस असलेल्या श्रीमंत मुलीचं, हायबरी गाव उचलून बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेऊन ठेवलं. निम्मं काम या एका निवडीने झालं. हायबरीत मोजकी घरं, सगळ्यांना सगळ्यांची खबर, कोणी कोणाशी किती बोलायचं ते ठरलेलं, आणि गाव सोडून जायची सोय नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत असं जग कुठे सापडणार? शाळेतच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला शाळा सोडता येत नाही, जेवणाच्या सुट्टीत कोण कुठे बसणार हे आधीच वाटलेलं असतं, आणि कोणाबरोबर दिसलात यावर पत ठरते. हेकरलिंगने तिथल्या शाळेत जाऊन वर्गात बसून मुलांचं बोलणं ऐकलं होतं. ते संवादात दिसतंच. मला मात्र जास्त कौतुक वाटतं ते तिने शाळेची उतरंड जशीच्या तशी उचलली याचं.

एक सीन जवळून बघा. कादंबरीत नाताळच्या आदल्या रात्री वेस्टन यांच्याकडची मेजवानी संपवून सगळे निघतात. एमा आणि मिस्टर एल्टन चुकून एकाच बग्गीत एकटे सापडतात. एमाने आपली मैत्रीण हॅरिएट हिच्यासाठी त्याला हेरून ठेवलेलं. तो मात्र एमालाच मागणी घालतो. दार बंद, बाहेर बर्फ, बग्गी चालू. उतरायची सोय नाही आणि उरलेला रस्ता दोघं फुरंगटून गप्प. चित्रपटात पार्टीहून परतताना शेर, म्हणजे इथली एमा, एल्टनच्या गाडीत असते. तो अंगाशी येतो, ती झिडकारते आणि गाडीतून खाली उतरते. बरोब्बर उलटं. पण उतरून करणार काय? लॉस एंजेलिससारख्या शहरात स्वतःची गाडी चालवता न येणारी मुलगी. तो तिला तिथेच सोडून निघून जातो. मग एक लुटारू पिस्तूल रोखून तिला जमिनीवर पालथं पडायला सांगतो, तर हिला काळजी अंगातल्या महागड्या ड्रेसची: हा अलायाचा (नामांकित फॅशन डिझायनरचा) आहे, म्हणून ती त्याच्याशी हुज्जत घालते. हसू येतं आणि त्याच वेळी ही मुलगी किती परावलंबी आहे ते कळतं. गाडी चालवण्याचा परवाना हा धागा पूर्ण चित्रपटभर आहे: ती परीक्षेत नापास होते, आणि पुढे तिनेच घडवलेली ताय (इथली हॅरिएट) भांडणात नेमका तोच टोमणा मारते. १८१५ मधल्या मुलीला सोबतीशिवाय कुठे जाता येत नसे, त्याच्या जागी हेकरलिंगने परवाना ठेवलाय. अडसर शोधणं म्हणतात ते हे.

नाइटलीची अडचणही तिने छान सोडवली. कादंबरीतला नाइटली, ज्याच्याशी शेवटी एमाचं लग्न होतं, तो तिच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा, तिच्या बहिणीचा दीर, आणि केव्हाही घरात येणारा. आजच्या काळात सदतीस-अडतीस वर्षांचा पुरुष आणि शाळकरी मुलगी म्हणजे पोलिसांत द्यायचं प्रकरण. मग चित्रपटातला नाइटली म्हणजे जॉश, कॉलेजात जाणारा, वडिलांच्या घटस्फोटित बायकोचा मुलगा. रक्ताचं नातं नाही, पण फ्रिज उघडून उभं राहायचा हक्क आहे. काहींना हे नातंही खटकतं, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. तरी घरात सहज वावरणारा, वडिलांच्या मर्जीतला, हिला तोंडावर सुनावू शकणारा तरुण दुसऱ्या कुठल्या वाटेने आणणार? मी कार्यशाळेत हा प्रश्न टाकते तेव्हा दहा मिनिटं वर्ग गप्प असतो, आणि मग कोणीतरी हमखास ‘शेजारी’ म्हणतं. शेजाऱ्याला वडिलांसमोर मुलीचे कान उपटता येत नाहीत.

‘क्लूलेस’मध्येही एक भोक आहे आणि ते भरलेलं नाही. कादंबरीत बॉक्स हिलच्या सहलीत एक खेळ निघतो: प्रत्येकाने एक अतिशय चतुर गोष्ट सांगायची, किंवा दोन बऱ्यापैकी चतुर, किंवा तीन अगदी रटाळ. गरीब, वयस्क, अखंड बोलणाऱ्या मिस बेट्स म्हणतात, तीन रटाळ गोष्टी मला चटकन जमतील. एमा म्हणते, अडचण एवढीच की तुम्हाला तीनवरच थांबावं लागेल. सगळे हसतात. मिस बेट्सना उशिरा कळतं आणि त्यांचा चेहरा पडतो. नंतर नाइटली एमाला बाजूला घेऊन झापतो ते या मुद्द्यावर: ती तुझ्या बरोबरीची असती तर मी बोललो नसतो, पण तिचे चांगले दिवस गेले आहेत आणि पुढचे दिवस याहून हलाखीचे असणार. कादंबरीचा कणा हा आहे. हेकरलिंगच्या चित्रपटात मिस बेट्स नाही आणि गव्हर्नेस, म्हणजे परक्या घरात राहून मुलं शिकवणारी बाई, व्हायची वेळ येऊ घातलेली जेन फेअरफॅक्सही नाही. जवळात जवळचा सीन म्हणजे शेर मोलकरीण ल्यूसीला ‘मला मेक्सिकन बोलता येत नाही’ म्हणते, ती चिडून निघून जाते आणि जॉश सांगतो की ती एल साल्वादोरची आहे, इतकी वर्षं घरात काम करतेय. सीन चांगला आहे, पण झटक्यात संपतो. विनोदाच्या वेगापुढे हेकरलिंगने ते दुखणं सोडून दिलं. हिशेब म्हणून पटतो, पण माझी नजर दर वेळी तिथे अडखळते.

‘आयशा’ २०१० चा. राजश्री ओझा दिग्दर्शक, सोनम कपूर आणि अभय देओल. दिल्लीतली श्रीमंत मंडळी, पोलोचा सामना, ऋषिकेशला राफ्टिंग, आणि बहादूरगढहून आलेली शेफाली. कागदावर हे जग ‘क्लूलेस’इतकंच बंदिस्त आहे, म्हणजे निवड चुकली नाही. चुकलं ते पुढचं. मूळच्या हॅरिएटचे आईबाप कोण हेच गावाला ठाऊक नाही. शेतकरी रॉबर्ट मार्टिनचं स्थळ हा तिच्या आयुष्यातला जवळपास एकमेव आधार, आणि एमा गंमत म्हणून ते मोडायला लावते. तो आधार सुटला तर मुलगी उघड्यावर पडेल. शेफालीचं काय होणार होतं? फार तर चार दिवस रडून गावी परत. अमृता पुरीने ती भूमिका मन लावून केली, माझ्या मते सिनेमात सगळ्यात जिवंत तीच आहे. पण पटकथेने तिच्यासमोर खड्डाच खणला नाही, मग आयशाने तिला ढकललं काय आणि सावरलं काय. वरून खरेदीचे आणि सजवण्याचे सीन इतके लाडाने घेतलेत की आयशाच्या डोळ्यांवरची पट्टी कॅमेऱ्याच्याही डोळ्यांवर बांधल्यासारखी वाटते. ऑस्टेन एमावर प्रेम करते आणि तिला एक क्षणही सोडत नाही. ती तिरकी नजर हरवली की ‘एमा’ म्हणजे फॅशनचं मासिक.

ही तिरकी नजर पडद्यावर आणायची कशी, हा कारागिरीचा प्रश्न आहे. कादंबरीत लेखिकेचा आवाज नायिकेच्या मनात मिसळलेला असतो. वाक्य एमाचं वाटतं आणि हसत असते ऑस्टेन. कॅमेऱ्याला हे थेट जमत नाही. ‘क्लूलेस’च्या सुरुवातीला शेर आपल्याला सांगते की तिचं आयुष्य चारचौघींसारखं साधंच आहे, आणि त्याच वेळी कोणता टॉप कोणत्या स्कर्टवर जाईल हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर जुळवत असते. आवाज एक सांगतो, चित्र दुसरं. झालं काम. ब्रिजेट जोन्सची डायरी, लिझी बेनेटचा व्हिडिओ ब्लॉग (दोन्ही ‘प्राइड’ची रूपांतरं, त्यांच्याकडे पुढे येऊच), सगळे याच युक्तीचे भाऊबंद. तुम्ही निवेदन वापरणार असाल तर चित्र त्याच्याशी भांडू द्या. दोघंही तेच सांगणार असतील तर निवेदन काढून टाका.

‘प्राइड’कडे वळू, कारण तुम्हाला तीच करायची आहे. हेलन फील्डिंगने ब्रिजेट जोन्स आधी १९९५ मध्ये ‘द इंडिपेंडंट’च्या सदरात लिहिली, मग कादंबरी आली आणि २००१ मध्ये चित्रपट. त्यात मार्क डार्सी झाला कॉलिन फर्थ, ज्याने १९९५ च्या बीबीसी मालिकेत मूळ डार्सी केला होता. त्या मालिकेचा पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस इथेही पटकथेत सहभागी. ब्रिजेट कमावती आहे, लंडनात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते. म्हणजे पैशाचा अडसर गेला. फील्डिंगने त्या जागी लाज ठेवली: तिशी उलटलेली, अविवाहित, जोडप्यांच्या जेवणाच्या टेबलावर एकटी. नववर्षाच्या मेजवानीत मार्क डार्सी आपल्या आईला जे ऐकवतो (चिमणीसारखी सिगरेट ओढणारी, आईसारखे कपडे घालणारी ही बाई मला नको) ते ब्रिजेटच्या कानावर पडतं, आणि मेरिटनच्या नाचातला ‘बरी आहे, पण मला मोह पडावा इतकी नाही’ हा घाव थेट इकडे येतो. वाङ्मयातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात टिकाऊ सोय आहे ती: चुकून ऐकलेला अपमान. कुठल्याही काळात चालते.

अवघड जागा दोन: कॉलिन्स आणि बेनेटांची धाकटी मुलगी लिडिया. मी तर कोणतंही रूपांतर हाती आलं की आधी हीच दोन पानं काढते.

घराचा वारस कॉलिन्स लग्नाची मागणी घालतो तेव्हा त्याला नकार द्यायला एलिझाबेथला छाती लागते, कारण तो नकार म्हणजे आई आणि चार बहिणींच्या डोक्यावरचं छप्पर नाकारणं. आज विचित्र मुलाला नकार द्यायला काय लागतं? गुरिंदर चढ्ढाच्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये, २००४ साली, कोहलीकडे ग्रीन कार्ड आहे. नितीन गणात्राने तो इतका बेफाम केलाय की हसून मुरकुंडी वळते, आणि तिथेच घोटाळा होतो: ऐश्वर्या रायच्या ललिताने, म्हणजे इथल्या एलिझाबेथने, याला हो म्हणावं असं कोणाला क्षणभरही वाटत नाही. तो सीन वाचवते ती चंद्रा, म्हणजे मूळची शार्लट: एलिझाबेथची मैत्रीण, जी पुढे कॉलिन्सला हो म्हणते. ती केली आहे आपल्या सोनाली कुलकर्णीने. कादंबरीतली शार्लट सत्तावीस वर्षांची, देखणी नाही, हुंडा नाही. ती सरळ म्हणते की मी काही स्वप्नाळू नाही, मला फक्त एक सुखाचं घर हवंय. सोनालीकडे वेळ थोडा आहे, पण चंद्राचा होकार ती बावळट होऊ देत नाही. रूपांतराची परीक्षा म्हणून मी शार्लटलाच धरते. ती मूर्ख किंवा लाचार दिसली तर लेखकाला अडसर समजलेला नाही. (याच चित्रपटात थोरली बहीण नम्रता शिरोडकर आहे, म्हणजे ‘ब्रह्मचारी’तल्या मीनाक्षी शिरोडकरांची नात, आणि ललिताला विकम (कथेतला गोडबोल्या लफंगा) भेटतो तो गोव्याच्या किनाऱ्यावर. मराठी प्रेक्षकाला अमृतसरच्या या गोष्टीत ओळखीचे चेहरे बरेच.)

कॉलिन्सचं मला पटलेलं सगळ्यात चोख उत्तर एका यूट्यूब मालिकेत आहे. हँक ग्रीन आणि बर्नी सू यांची ‘द लिझी बेनेट डायरीज’, २०१२-१३ मध्ये, चार-पाच मिनिटांचे शंभर भाग. तिथे कॉलिन्स लिझीला लग्नाची मागणी घालतच नाही, आपल्या कंपनीत नोकरी देऊ करतो. शिक्षण अर्धवट सोडायचं, न पटणारं काम करायचं, पण पगार पक्का. लिझी नाही म्हणते. शार्लटच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, ती हो म्हणते. मैत्रिणींचं कडाक्याचं भांडण. दोनशे वर्षांपूर्वी बाईला पोट भरायला लग्नाखेरीज फारशी वाट नव्हती, आज पोट भरतं नोकरीने. मग मागणी नोकरीची. इतकं साधं आहे, आणि तरी मधल्या काळात कोणाला सुचलं नव्हतं.

लिडियाचं प्रकरण त्याहून नाजूक. सोळाव्या वर्षाच्या आत-बाहेर असलेली मुलगी विकमबरोबर पळते, लग्नाशिवाय लंडनात राहते. सगळ्या बहिणींची लग्नं बुडाली असं धरलं जातं. डार्सी गुपचूप विकमची कर्जं फेडून, वर पैसे मोजून त्याला बोहल्यावर उभं करतो. आज मुलगी मित्राबरोबर चार दिवस राहून आली तर निदान शहरात तरी कोणाचं लग्न मोडत नाही. चढ्ढाने लाखीला, म्हणजे तिच्या लिडियाला, वेळेत पकडून आणलं आणि विषय मिटवला. तिथे कथेचा जोर ओसरतो. ‘लिझी बेनेट’ आणि २०२२ चा ‘फायर आयलंड’ या दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर काढलं: संमतीशिवाय उघड केला जाणारा खाजगी व्हिडिओ. आज बदनामीची धास्ती खरोखर कुठे आहे, तर तिथे. मालिकेत लिडिया स्वतः कॅमेऱ्यासमोर कोसळते आणि मूळ कादंबरीत ज्या मुलीला कोणी कधी विचारलंच नाही तिची बाजू आपल्याला पहिल्यांदा ऐकू येते. हे रूपांतर मूळ पुस्तकाशी वाद घालतं आणि मला वाटतं त्या वादात जिंकतं.

‘फायर आयलंड’ला आणखी दोन ओळी द्यायला हव्यात. जोएल किम बूस्टरने लिहिलेला, अँड्र्यू आनने दिग्दर्शित केलेला. न्यूयॉर्कजवळच्या बेटावर सुट्टीला आलेले समलिंगी मित्र. तिथे पैसा, शरीरयष्टी आणि गोरा रंग यांवर माणसाची किंमत ठरते. बेट बंदिस्त, मुदत आठवड्याची, आणि ज्या मैत्रिणीच्या घरात ते उतरतात ते घर विकलं जाणार आहे. वरवर पाहता रीजन्सीपासून शेकडो कोस दूर, आणि तरी मी पाहिलेल्या ‘प्राइड’च्या रूपांतरांत उतरंडीची टोचणी इथे सगळ्यात जास्त जाणवते.

उलट प्रयोग म्हणजे २०२२ ची नेटफ्लिक्सवरची ‘पर्स्युएशन’: वेश जुना, बोली आजची. आठ वर्षं मनात दडपून ठेवलेलं दुःख हा त्या कादंबरीचा प्राण, आणि इथली नायिका ॲन कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावत सगळं सांगून टाकते. दडपलेलंच काही उरलं नाही तर कथा संपलीच.

आता तुमच्या कामाचं. भारतात ऑस्टेन सोपी, आपल्याकडे अजून कांदेपोहे होतात, असं पुष्कळ जण म्हणतात. दूरदर्शनने १९८५ मध्ये ‘प्राइड’वरून ‘तृष्णा’ मालिका केली तेव्हा ते बऱ्याच अंशी खरंही होतं. आज स्थळं सांगून येतात, पण नोकरी करणारी मुलगी तिसऱ्या मिनिटाला नाही म्हणते आणि चहा संपवून उठते. नुसत्या कांदेपोह्यांवर पूर्ण ‘प्राइड’ तोलली जाणार नाही. त्यात निर्मात्याकडून दबाव येतो तो वेगळाच. एका वाहिनीच्या बैठकीत मला सुचवलं गेलं होतं की डार्सी पहिल्याच आठवड्यात कुत्र्याच्या पिल्लाला वाचवताना दिसू दे, म्हणजे प्रेक्षक त्याच्या बाजूने राहतील. मग एलिझाबेथ शंभर भाग कसला पूर्वग्रह धरून बसणार?

माझा सल्ला विचाराल तर ‘प्राइड’ बाजूला ठेवा आणि ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ घ्या. राजीव मेनन यांनी २००० मध्ये तमिळमध्ये ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ करताना ती निवडली यामागे मला मोठी समज दिसते. तब्बू आणि ऐश्वर्या राय बहिणी, मामुट्टी श्रीलंकेच्या मोहिमेत पाय गमावून आलेला मेजर, रहमानचं संगीत. मृत्युपत्रामुळे मोठं घर हातचं जातं आणि आई तीन मुलींना घेऊन चेन्नईला येते; थोरली टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीपासून सुरुवात करते. अडसर म्हणून घर आणि वारसा, हे भारतात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि महाराष्ट्रात तर त्याला नेमका कागद आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने तशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. तरी वडील गेले, वारसनोंद झाली, की बहिणींना दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. जबरदस्ती कोणी करत नाही. ‘ताई, सही करून टाक, तुझं माहेर कुठे जातंय?’ एवढंच. सही केली नाही तर भाऊबीज बंद, हे सगळ्यांना न बोलता ठाऊक असतं. ‘नाही’ म्हणण्याची किंमत म्हणून यापेक्षा पक्कं काय हवं?

मूळ कादंबरीचं दुसरं प्रकरण यासाठी दहा वेळा वाचा. मरणाऱ्या वडिलांना जॉन डॅशवुडने शब्द दिलाय की सावत्र आईला आणि बहिणींना बघेन. तो मनाशी ३,००० पौंड द्यायचं ठरवतो, तिघींना हजार हजार. बायको फॅनी म्हणते, आपल्या लहानग्याच्या तोंडचा घास काढून? बरं, मग पाचशे पाचशे. त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर? नको, वर्षासन लावून दिलं की माणसं मरतच नाहीत. मग अधूनमधून पन्नास. शेवटी ठरतं की सामान हलवायला मदत करावी आणि हंगामात मासे, शिकार वगैरे पाठवावी. आणि हो, चिनी मातीची भांडी त्यांनी नेली ती आपल्यापेक्षा चांगली आहेत. चार-पाच पानांत ३,००० पौंडांचे मासे होतात आणि कोणी आवाजही चढवत नाही.

हा सीन पहिला लिहा. भाऊ आणि वहिनी, रात्रीची जेवणं आटोपलेली, तलाठ्याकडून आणलेला सातबारा टेबलावर. आकडा रुपयांत धरा आणि प्रत्येक चार संवादांनी खाली आणा, शेवटी तो आंब्याच्या दोन पेट्यांवर येऊन थांबू दे. वहिनीला खलनायिका करू नका. तिच्या तोंडी मुलाच्या इंजिनिअरिंगची फी, घराचा हप्ता, सासऱ्यांच्या आजारपणातलं बिल अशी खरी कारणं द्या, कारण कारणं खरी असतात. भावाला वाईट वाटत राहू दे आणि तरी तो मान डोलावत राहू दे. संगीत नको, क्लोजअप कमी. हा सीन तुम्हाला जमला तर पुढे मेजर कोण, कवितेचा शौकीन विलोबी कोण, धाकटी पुण्यात नेऊन काय करायची, हे सगळं ठरवायला भरपूर वेळ आहे. कास्टिंगचं बोलणं त्याआधी कोणी काढलं तर सरळ विषय बदला.